हसू नका, इकडे बघा

माणूस दुकानाची पायरी चढत असतानाच मी त्याला ओळखतो! हा पासपोर्टसाठी आलाय, ही नोकरीच्या अर्जासाठी, आणि हा नुसता आमच्या आरशात भांग पाडून परत जाणार आहे. इतकी वर्षं कॅमेऱ्यामागे काढल्यावर चेहरा वाचायला चष्मा लागत नाही. हे मी सगळ्यांना सांगतो. बायकोलाही सांगतो. ती म्हणते, "मग आत्ता माझ्या मनात काय चाललंय ते ओळखा." ते मात्र मला अजून एकदाही ओळखता आलेलं नाही. पण अपवाद असायचेच!

आमचा स्टुडिओ चौकाच्या वळणावर आहे. शेजारी सलून, समोर शिंपीकाका. आमच्याकडे काम दोनच प्रकारचं. जिवंत माणसांचे छोटे फोटो, रंगीत. आणि गेलेल्या माणसांचे मोठे फोटो, ब्लॅक अँड व्हाइट. घरातलं कुणी गेलं की नातेवाईक कुठल्यातरी लग्नातला ग्रुप फोटो घेऊन येतात. मी त्यातून नेमका चेहरा उचलतो, हातातली ताटली काढतो, खांद्यावरचा मेहुण्याचा हात काढतो, हसू जरा आवरतं घेतो आणि माणसाला असा गंभीर करून फ्रेममध्ये बसवतो, की घरचेही म्हणतात, "हयात असताना इतके शहाणे कधी दिसले नव्हते!" त्या कामात माझा हात धरणारा कुणी नाही. आमच्या भागात ज्या भिंतीकडे बघावं तिथे माझं काम टांगलेलं असतं. ही गोष्ट तुम्ही लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.

तर झालं असं, की हिची वाचनालयाची कादंबरी परत करायला मी गेलो आणि तिथे मला एक जाडजूड पुस्तक सापडलं. एका जुन्या, गाजलेल्या छायाचित्रकार बाईंच्या फोटोंचं. बाईंचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही त्यांचे फोटो शोधून काढाल आणि मग माझे बघाल. या बाईंनी आयुष्यभर कुणाचे फोटो काढले? ज्यांना कुणी समारंभात पुढच्या रांगेत बसवत नाही त्यांचे! नाकीडोळी नीटस असा एकही नाही, हसणारा एकही नाही. सगळे ब्लॅक अँड व्हाइट, आणि सगळे थेट तुमच्याकडे बघतायत, जणू विचित्र तुम्हीच आहात.

मी तिथेच उभ्याउभ्या ठरवलं, आपणही हेच करायचं! ग्रंथपाल म्हणाले, "वरच्या हॉलची भिंत पुढच्या महिन्यात रिकामीच आहे. लावा की." झालं! रात्रीच्या जेवणापर्यंत माझ्या प्रदर्शनाचं नावसुद्धा ठरलं होतं: 'जगावेगळी माणसं'.

"म्हणजे विचित्र माणसं," बायको म्हणाली.

"जगावेगळी!"

"तेच ते. पण त्यांना सांगणार काय? काका, तुम्ही विचित्र दिसता, जरा बसा, फोटो काढतो?"

"सांगायचंच नाही! उद्घाटनाच्या दिवशी एकदम भिंतीवर! तोपर्यंत तूही कुठे बोलू नकोस."

"मी?" तिने चमचा खाली ठेवला. "मी बोलेन?"

हे मात्र मी चुकीच्या माणसाला म्हणालो. आमची ही रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. अर्ध्या गावाच्या पोटातलं आणि रक्तातलं तिला ठाऊक असतं, आणि त्यातला एक शब्द उंबऱ्याच्या आत येत नाही. माझा स्वतःचा साखरेचा रिपोर्टसुद्धा तिने मला घरी सांगितला नाही. लॅबच्या खिडकीत उभं करून, माझं नाव पुकारून, पाकिटातून दिला! आणि संध्याकाळी घरी विचारते, "काय निघालं हो?" तिचे डॉक्टर म्हणतात, "मशीन विकत मिळतं, बंद तोंड मिळत नाही." लॅबची नवी शाखा निघत होती आणि तिथली प्रमुख म्हणून हिचंच नाव चाललं होतं. त्या खुर्चीवर तिचा किती जीव होता ते मला ठाऊक होतं. रोज सकाळी वेणी घालताना ती आरशातल्या आरशात कुणालातरी "या, बसा" म्हणायची.

त्याच सुमाराला लॅबने मोफत तपासणीचं शिबिर घेतलं. सगळा भाग बाह्या सरसावून रक्त देऊन आला. आणि नेमकं मशीन बिघडलं! रिपोर्ट अडकले. लोक रोज खिडकीशी येऊन "आले का?" विचारायचे आणि उगाच स्वतःची नाडी बघत परत जायचे. या सगळ्याचा माझ्या प्रदर्शनाशी काडीचा संबंध नव्हता. असं मला वाटत होतं.

जेवता जेवताच आम्ही नावं काढली. पहिलं नाव तिनेच सुचवलं, शिंपीकाका. दुसरं हेडसर, तिसऱ्या त्या दोघी बहिणी, चौथा सलूनवाला. पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिलं होतं, की समोरच्या माणसाकडे करुणेने बघावं, मग त्याचा खरा चेहरा वर येतो. मी आरशासमोर करुणेचा सराव सुरू केला.

"पोटात कळ आलीय का?" बायकोने विचारलं. मी तिच्याकडेही करुणेने बघितलं. ती ओव्याची बरणी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून मी समोरच्या दुकानात गेलो. शिंपीकाका स्वतःसाठी कधीच कपडे शिवत नाहीत. गिऱ्हाईकांनी शिवायला टाकले आणि न्यायला आलेच नाहीत, तेच कपडे ते अंगात घालतात. त्यामुळे सोमवारी त्यांचे हात बाहीत हरवलेले असतात आणि मंगळवारी बाही कोपरावर थांबलेली असते. मागे एकदा बँडवाल्याचा लाल कोट घालून ते महिनाभर बसले होते. अशा माणसाचा फोटो त्या बाईंनी पायपीट करून काढला असता!

मी करुणेने बघितलं.

"काय हो? तोंडाला काही लागलंय का माझ्या?" काका म्हणाले.

"नाही काका. तुमचा एक फोटो काढायचा होता."

"पासपोर्टचा?"

"छे, छे! मोठा. ब्लॅक अँड व्हाइट."

काकांचा पाय शिलाई मशीनच्या पायट्यावरच थांबला. "कशाला?"

"असू द्या. वेळेवर काढलेला बरा. ऐनवेळी मग धावपळ होते."

"आणि पैसे?"

"काका! तुमच्याकडून आता पैसे घेऊ?"

इथे काका उठून उभे राहिले. माझा स्वभाव चौकात सगळ्यांना माहीत आहे. सख्ख्या मेहुण्याला मी पासपोर्ट फोटोचं बिल दिलंय, आणि तेही जेवायला बोलावून! काकांनी भिंत धरली. म्हणाले, "घरी ताईंना... माहीत आहे हे?"

"अहो, तिनेच तर पहिलं नाव तुमचं घेतलं!"

काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला आणि मी मनातल्या मनात उडी मारली. अस्सा चेहरा! पुस्तकातला चेहरा! करुणेचा केवढा हा परिणाम! मी भराभर कॅमेरा सरसावला.

"हसू नका. इकडे बघा."

"हसतोय कुठे?" काका म्हणाले.

फोटो असा आला, की माझं मलाच धन्य वाटलं. निघताना काकांनी माझा दंड धरला. "अजून कोण कोण आहे?"

"हेडसर, त्या दोघी बहिणी आणि आपला सलूनवाला. पण इतक्यात कुणाला बोलू नका हं."

"सलूनवाला? अहो, तो तर तरुण आहे!"

"वयाचा काय संबंध, काका? काही जण जन्मापासूनच तसे असतात."

काका मटकन स्टुलावर बसले. माणूस भारावून गेला, असं समजून मी शीळ घालत बाहेर पडलो.

दुपारनंतर मी दोघी बहिणींकडे गेलो. दोघींची वयं झालीत, लग्नं केली नाहीत, एका घरात राहतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत. जे काही बोलायचं ते मांजराला बोलतात. "मांजरे, हिला सांग, दूध उतू गेलं." "मांजरे, हिला सांग, दिसतंय मला." मांजर मधे बसून एकदा इकडे बघतं, एकदा तिकडे. मला तिघांचा एकत्र फोटो हवा होता.

दोघींनी एकदमच दार उघडलं. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी काही बोलायच्या आतच मोठी म्हणाली, "माहीत आहे आम्हाला. काका सांगत होते. एकत्र काढणार की वेगवेगळा?"

काका पोटात काही ठेवत नाहीत! पण जाऊ द्या. मी म्हणालो, "एकत्रच. तुम्हा दोघींना वेगळं काढण्यात अर्थच नाही."

"म्हणजे एकदमच?"

"एकदमच."

मग धाकटी मांजराकडे न बघता म्हणाली, "ताई, आईची ती कानातली मीच घेतली होती."

"ठाऊक होतं गं मला," मोठी म्हणाली. आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हुंदके द्यायला लागल्या! मांजर मधे बेकार बसलं होतं.

"अहो, थांबा!" मी ओरडलो. "मांजराला सांगा ना! मांजरामार्फत बोला!"

"आता कशाला मांजर?" मोठी डोळे पुसत म्हणाली. "आता समोरासमोर नाही बोलायचं तर कधी?"

माझी फ्रेमच गेली. तसा फोटो काढला मी, पण त्यात काय होतं? गळ्यात गळे घातलेल्या दोन म्हाताऱ्या बहिणी! असल्या फोटोंना त्या थोर बाईंनी हातसुद्धा लावला नसता. त्यात मांजरही उठून निघून गेलं.

ठीक आहे, म्हटलं, हेडसर आहेतच. आमचे निवृत्त हेडसर रोज सकाळी बागेत उलटे चालतात. गुडघ्यांना बरं असतं म्हणे. आख्खी बाग त्यांना वाट करून देते. मी पहाटे उठून, झुडपाआड कॅमेरा रोखून बसलो. सर आले. सरळ चालत आले!

"सर! आज सरळ?"

"आता किती दिवस पाठ फिरवून चालायचं रे?" सर म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं भेटलास. तुला मी गणितात नापास केलं होतं. आठवतं? माझंच चुकलं. पास करायला हवं होतं तुला."

या विषयापायी मी वडिलांचा मार खाल्ला होता! आनंदाच्या भरात मी सरांचा फोटो काढला, पण त्यातही काय, तर एक सरळ चालणारे सज्जन गृहस्थ. असे तर दुकानात रोज येतात.

सलूनमध्ये पोचलो तर तिथे निराळाच तमाशा. आमचा सलूनवाला जगाचे केस कापतो, पण स्वतःच्या केसांना कुणाला कात्री लावू देत नाही. कमरेपर्यंत केस! त्याची ती वेणी, आणि समोर टक्कल पडलेलं गिऱ्हाईक, असा फोटो मी डोक्यात पक्का करून ठेवला होता. बघतो तर वेणी टेबलावर आणि हा खुर्चीत!

"अरे, केस कुठे गेले तुझे?"

"आपल्या हाताने कापलेले बरे, दादा. एवढे केस घेऊन जायचं तरी कुठे?" तो म्हणाला. "माझा फोटो कधी काढताय? उद्या चालेल ना? उशीर नाही ना होणार?"

मी डोक्याला हात लावला. हे चाललंय काय? मी ज्याला ज्याला विचित्र म्हणून निवडावं तो तो शहाण्यासारखा वागायला लागतो! उभ्या आयुष्यात कुणाच्या सांगण्याने सुधारली नाहीत ती माणसं नेमकी माझ्या प्रदर्शनाच्या तोंडावर सुधारतायत! मला दाट संशय आला, की कुणीतरी माझ्या वाईटावर आहे.

आणि रस्त्यावरचा प्रकार तर विचारूच नका. मी दिसलो की लोक पलीकडच्या फुटपाथवर जायला लागले. मी नुसती लेन्स पुसायला कॅमेरा वर केला, तर बसथांब्यावरची आख्खी रांग खाली बसली! पोरांच्या आया पोरांची तोंडं पदराखाली लपवायच्या. व्यायामशाळेचा मालक, म्हशीशी कुस्ती खेळेल असा गडी, मला बघून दाराआडून ओरडला, "आम्ही ठणठणीत आहोत! पुढे जा!" मला वाटलं, माझं प्रदर्शन गाजायला लागलंय आणि कलावंताला समाज असाच वागवतो.

रात्री घरी सांगितलं, तर बायकोही चक्रावलेली. "अहो, लॅबमध्येही सगळे असंच करतायत. आज एक बाई माझ्या हातावर डोकं ठेवून रडल्या. सुई टोचायच्या आधीच! आणि एक आजोबा म्हणाले, 'ताई, मला खरं काय ते नको सांगूस.' मी कशाला सांगतेय?"

दोघांनी बराच वेळ विचार केला. शेवटी हवा बदलतेय म्हणून होत असेल, असं ठरवून आम्ही झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुकानात शिंपीकाकांनी पाठवलेलं एक पुडकं आलं. आत माझी पँट! लग्नाच्या वेळी शिवायला टाकली होती, कपड्यांच्या गडबडीत न्यायची राहिली. ती आता माझ्या एका मांडीलाच आली. मी ती डोक्यावरून घालता येते का ते बघत होतो, इतक्यात फोन वाजला. बायको. एरवी ती फोनवर आधी "जेवलात का" विचारते. आज म्हणाली, "असाल तसे लॅबमध्ये या." आणि फोन बंद.

लॅबमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळा भाग लोटलेला! पुढच्याच बाकावर शिंपीकाका, अंगात नुसतं बनियन आणि गळ्यात टेप. पडून राहिलेले सगळे कपडे ज्याचे त्याला परत केल्यामुळे बिचाऱ्यांना घालायलाच काही उरलं नव्हतं. शेजारी हेडसर. दोघी बहिणी हातात हात घालून. सलूनवाला डोक्याला रुमाल बांधून. मधे डॉक्टर, आणि त्यांच्यासमोर मान खाली घालून आमची ही.

"ताई, मी विश्वासाने सगळं तुमच्यावर सोपवलं होतं," डॉक्टर म्हणत होते. "रिपोर्ट मी अजून बघितले नाहीत, आणि तुमच्या घरून लोकांना निरोप जातात?"

"मी कुणाला काही बोलले नाही, डॉक्टर," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. मग तिने माझ्याकडे बघितलं. हातावरची शीर सापडत नसली की ती जशी बघते, तसं.

"काय झालं?" मी विचारलं. सगळे माझ्याकडे वळले आणि सवयीने चेहरे झाकले.

"काय झालं म्हणून काय विचारता!" शिंपीकाका उसळले. "रिपोर्टात ज्याचं काही खरं नाही, त्याचं नाव ताई तुम्हाला सांगतात आणि तुम्ही येऊन त्याचा शेवटचा फोटो काढून जाता! तोंडावर सांगा ना! असं फुकट फोटो काढून काय सांगता?"

माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली, आणि बसताना प्रत्येक गोष्ट मला एकेक लाथ मारत होती. ब्लॅक अँड व्हाइट! मोठा! हसू नका! फुकट! माझ्या दुकानातून असा फोटो फक्त एकाच कारणासाठी बाहेर पडतो, आणि मी तो जिवंत माणसांचा काढत, शीळ घालत हिंडत होतो! वर करुणेने बघत होतो!

मला मनापासून वाईट वाटलं ते हिचं. जिने नवऱ्याची साखर नवऱ्याला सांगितली नाही, तिच्यावर माझ्या हौसेपायी चहाडखोरीचा आळ आला होता. ती नव्या शाखेची खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर दारातून बाहेर चालली होती. खरं सांगून टाकणं भाग होतं. पण खरं म्हणजे काय? समोर सगळे बसलेले!

"त्याचं काय आहे," मी सुरुवात केली, "मी सुंदर चेहऱ्यांचं एक प्रदर्शन..."

"मी सुंदर?" शिंपीकाकांनी बनियनकडे बोट दाखवून विचारलं. सलूनवाला रडता रडता हसला. ते काही टिकणारं नव्हतं.

मी डोळे मिटले. "तुम्ही मरणार म्हणून नाही काढले हो! तुम्ही... तुम्ही जगावेगळे आहात म्हणून काढले! मांडायचे होते! प्रदर्शनात!"

सगळ्यांनी झाकलेले चेहरे उघडे केले.

"जगावेगळे म्हणजे," हेडसर सावकाश उठले, "विचित्र?"

"तसंच नाही, सर..."

"हो की नाही, एका शब्दात."

"हो."

डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला. "म्हणजे रिपोर्टचा यात काही संबंध नाही! मशीन कालच दुरुस्त झालं. सगळे रिपोर्ट इथे आहेत. थांबा, बघतो." त्यांनी पाकिटं फोडून भराभर नजर फिरवली. "कुणाला काही झालेलं नाही. काका, थोडं गोड कमी करा, बस्स!"

मला वाटलं, आता टाळ्या पडतील. पण रिपोर्टांकडे कुणी ढुंकूनही बघेना!

"ते ठेवा बाजूला, डॉक्टर!" शिंपीकाका गरजले. "याने मला विचित्र म्हटलं! माझ्यात विचित्र काय आहे?"

"काका, लोकांचे कपडे घालता तुम्ही," सलूनवाला म्हणाला. "ते विचित्रच आहे."

"आणि तुझी वेणी?"

"ती कला होती!"

"वेणी विचित्रच होती," हेडसरांनी निकाल दिला. "या दोघींचं मांजरही विचित्र. पण माझं उलटं चालणं शास्त्रीय आहे!"

"सर, लहान मुलं भितात तुम्हाला," मोठी म्हणाली. धाकटीने जोरात मान हलवली. त्यांच्या मांजराच्या बाबतीत मात्र त्या दोघींचं म्हणणं पडलं, की त्यात काय, सगळेच बोलतात! थोडक्यात, मी निवडलेली प्रत्येक व्यक्ती योग्य होती हे सगळ्यांना मान्य होतं. फक्त प्रत्येकाचा स्वतःपुरता घोटाळा झाला होता.

"त्यापेक्षा मरतोय म्हणाला असतात तर चाललं असतं!" काका म्हणाले. "त्यात निदान मान होता! लोक रस्त्यात थांबून नमस्कार करत होते मला. आणि माझे सदरे? ते कोण आणून देणार आता?"

"आणि तू," हेडसरांनी माझ्याकडे बोट रोखलं, "नापासच होतास. मी बोललो ते परत घेतो."

धाकटीने मोठीचा हात सोडला. तिने इकडे तिकडे मांजर शोधलं, ते नव्हतं. मग माझ्याकडेच बघून म्हणाली, "हिला सांगा, कानातल्यांचं मी काही बोललेच नव्हते."

त्या गदारोळात डॉक्टर माझ्या बायकोसमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "ताई, मला माफ करा. तुमच्यावर संशय घ्यायला नको होता." तिने पदराने डोळे टिपले. मी करुणेने बघायला लागलो, तर तिने डोळे वटारले. ते मला अगदी स्पष्ट वाचता आलं.

मग डॉक्टरांनी सहज विचारलं, "का हो ताई, या जगावेगळ्या माणसांत तुमच्या यजमानांचा फोटो आहे का?"

"नाही," ती म्हणाली.

त्या दिवशी पहिल्यांदा आख्ख्या लॅबचं एकमत झालं! मला धरून रक्त घेतात त्या खुर्चीत बसवलं. माझ्याच गळ्यातला कॅमेरा काढून तिच्या हातात दिला. तिने तो डोळ्याला लावला, एक पाऊल मागे गेली. हातात सुई असो की कॅमेरा, तिचा हात हलत नाही.

"हसू नका. इकडे बघा."

"हसतोय कुठे?" मी म्हणालो.

बाकीच्या सगळ्यांनी आपापले फोटो भिंतीवर लावायला साफ नकार दिला. एकाच फोटोला परवानगी होती, माझ्या. तीही बायकोने दिली. हॉल तर ठरलेला होता! त्यामुळे उद्घाटनाच्या दिवशी त्या लांबलचक भिंतीवर मधोमध एकच मोठा, ब्लॅक अँड व्हाइट फोटो टांगला होता. खरं सांगतो, फोटो अप्रतिम आला होता. भेदरलेला, गोंधळलेला, थेट तुमच्याकडे बघणारा चेहरा. त्या थोर बाईंनी पाठ थोपटली असती. हिची, माझी नाही.

लोक मात्र बरेच आले. फोटोसमोर जरा वेळ गप्प उभे राहायचे, मान हलवायचे आणि हळू आवाजात बोलत बाहेर पडायचे. कलेचा हा आदर बघून मी खांबामागे उभा राहून सुखावत होतो. नव्या शाखेची प्रमुख झालेली आमची ही दाराशी उभी राहून सगळ्यांना "या, बसा" म्हणत होती. इतक्यात एक अनोळखी आजी आल्या. त्यांनी फोटोखाली फुलं ठेवली, हात जोडले आणि हिच्या पाठीवरून हात फिरवला.

"कधी गेले गं?"

"अजून नाही गेले, आजी," ही म्हणाली. "आधी शिंपीकाकांचे सदरे दारोदार फिरून परत आणायचेत त्यांना."

आजींनी पुन्हा एकदा फोटोकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "असू दे. फोटो मात्र वेळेवर काढून ठेवलास हो!"